दसऱ्यापासून मृगापर्यंत : परंडा आणि नळदुर्ग सीमेवर कसे उभे राहिले

१८०३ सालच्या मार्च महिन्यात, २५ तारखेला, परंड्याला हैदराबादेकडून आलेली एक मोठी फौज येऊन उतरली. कर्नल स्टीव्हन्सन हा तिचा सेनापती. त्याच्या हाताखाली कंपनी सरकारची तैनाती फौज होतीच, शिवाय निजामाचं स्वतःचं पायदळ आणि घोडदळ मिळून आणखी पंधरा हजार माणूस. पुणं इथून ११६ मैलांवर. पुण्यातून दुसऱ्या बाजीरावाला होळकरांनी हुसकावलं होतं, आणि त्याने ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईला इंग्रजांशी तह केला होता. त्याला परत गादीवर बसवायला म्हैसूरकडून आणखी एक इंग्रजी फौज निघाली होती. तिचा सेनापती तेहतीस वर्षांचा आर्थर वेलस्ली. एप्रिलच्या मध्यावर अकलूजजवळ या दोन फौजांची गाठ पडली, सप्टेंबरात असईची लढाई झाली, आणि पुढे बारा वर्षांनी याच वेलस्लीने, तेव्हा तो ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला होता, वॉटर्लूला नेपोलियनचा पराभव केला.

स्टीव्हन्सन नेमका परंड्यालाच का थांबला? कारण निजामाची हद्द तिथे संपत होती. इथपर्यंत आपला मुलूख, इथून पुढे पेशव्यांचा. हद्दीच्या कडेला एक भक्कम भुईकोट, बाहेर माळरान, जवळ पाणी, मागे धान्य पुरवणारा मुलूख. फौज जमवायची, बैल आणि बंजाऱ्यांचे तांडे गोळा करायचे, पुण्याहून बातमी येण्याची वाट बघायची, हे सगळं करायला याहून सोयीची जागा नव्हती. परंडा त्या दिवशी लढला नाही. तरीही सीमेवरच्या किल्ल्याने जे करायचं असतं ते त्याने केलं.

हे काम समजून घेतलं नाही तर आजच्या धाराशिव जिल्ह्यातले परंडा आणि नळदुर्ग हे दोन किल्ले नुसते सुंदर अवशेष वाटतात. मला ते तसे पाहणं पुरेसं वाटत नाही. प्रत्येक बुरूज, खंदकाचा प्रत्येक कोन, धरणातला प्रत्येक सांडवा कुठल्या तरी ठरावीक प्रश्नाचं उत्तर म्हणून बांधलेला आहे. म्हणून आधी तो प्रश्न पाहू.

पंधराव्या शतकाच्या अखेरीस बहमनी राज्य फुटलं. अहमदनगरला निजामशाही, विजापूरला आदिलशाही, बीदरला बरीदशाही, गोवळकोंड्याला कुतुबशाही. या चौघांच्या सरहद्दी आजच्या सोलापूर, धाराशिव, लातूर आणि बीदर या जिल्ह्यांतच एकमेकींना भिडत होत्या. मध्ये आडवा येणारा डोंगर नाही, मोठी नदी नाही. बालाघाटाचं पठार उतरलं की सपाट काळी जमीन पसरते, आणि त्या जमिनीवरून फौज कुठूनही येऊ शकते. म्हणून या मुलखात सीमा राखली ती किल्ल्यांनी. सोलापूर, नळदुर्ग, परंडा, औसा, उदगीर, कल्याणी अशी ही माळ होती. एका किल्ल्यावरून निघालेली तुकडी दोन-तीन मजलांत दुसऱ्यावर पोचावी, इतकं अंतर. यातला एक किल्ला हातचा गेला की आजूबाजूचे परगणे, त्यांचा महसूल आणि वाटा, सगळंच जायचं. सोलापूरच्या किल्ल्यावरून निजामशाही आणि आदिलशाही इतकी वर्षं भांडली की शेवटी चांदबिबीचं लग्न अली आदिलशहाशी लावताना तो आंदण म्हणून देण्यात आला.

आता हिशेब असा. दख्खनात स्वारीचा मोसम ठरलेला. दसऱ्याला सीमोल्लंघन करायचं आणि मृग निघायच्या आत घरी परतायचं. पाऊस सुरू झाला की काळ्या मातीत तोफांचे गाडे रुततात, नद्या उतरू देत नाहीत, दारू भिजते, जनावरं आजारी पडतात. मोठी तोफ ओढणारे बैल चांगल्या दिवसांतसुद्धा चार-पाच कोसांची मजल मारायचे. म्हणजे हल्लेखोराच्या हातात सात-आठ महिने. त्यातला बराच वेळ चालण्यात, चारा जमवण्यात, रसद आणण्यात जायचा. सीमेवरच्या किल्ल्याने हल्लेखोराला कायमचं हरवण्याची गरज नव्हती. त्याने मृगापर्यंत टिकून राहिलं तरी पुरे होतं.

परंड्याने हे कसं केलं त्याचा चांगला दाखला १६३४ सालचा आहे. शहाजहानचा मुलगा शुजा आणि महाबतखानासारखा मुरलेला सेनापती मोठी मोगल फौज घेऊन परंड्यावर चालून आले. त्यांनी खंदकापर्यंत मोर्चे आणले, सुरुंग लावले. पण आजूबाजूचा चारा आणि लाकूडफाटा संपला होता, बाहेरून आदिलशाही आणि निजामशाहीचे स्वार रसद मारत होते, आणि वैरणीसाठी दर वेळी कोसचे कोस लांब माणसं पाठवावी लागत होती. अशा प्रत्येक फेरीला लढाई. पावसाळा तोंडावर आला तेव्हा वेढा उठला. महाबतखान त्याच वर्षी वारला. पंचवीस-सव्वीस वर्षांनी परंडा मोगलांच्या ताब्यात गेला तो किल्लेदाराशी बोलणी होऊन. तट फोडून नव्हे.

तर या तटाकडे हल्लेखोराच्या नजरेने पाहू. परंडा भुईकोट आहे, म्हणजे सपाट जमिनीवरचा किल्ला. डोंगरी किल्ल्याला कडा जे देतो, ते इथे खणून आणि बांधून मिळवावं लागतं. त्यामुळे पहिला अडसर खंदक. खंदकात पाणी असलं तर उत्तमच. पण पाण्यापेक्षाही खंदकाने होणारं मोठं काम वेगळंच होतं. त्याच्यामुळे हल्लेखोराला तटाच्या पायथ्याशी शिडी लावता येत नाही आणि सुरुंगाचं भुयार सहज आणता येत नाही. भुयार आणायचं तर खंदकाच्या तळाखालून आणायचं, आणि तिथे ओल लागली की दारू निकामी. शिवाय खंदकातून निघालेला दगड आणि मुरूम तटासाठीच वापरला जायचा.

खंदकाच्या आतल्या बाजूला दोन तट आहेत. बाहेरचा बुटका, त्याला पडकोट म्हणतात, आणि आतला उंच. दोन्हींमध्ये गल्ली. ही रचना दिसायला साधी असली तरी हुशारीची आहे. आतल्या तटावरचे लोक बाहेरच्या तटाच्या डोक्यावरून मारा करू शकतात, म्हणजे एकाच वेळी दोन थरांतून गोळ्या. शत्रूने बाहेरचा तट घेतला तरी तो त्या अरुंद गल्लीत अडकतो, वरून मारा चालूच. आणि बाहेरचा बुटका तट आतल्या तटाचा पाया झाकतो, त्यामुळे लांबून डागलेला तोफेचा गोळा आतल्या तटाच्या मुळाशी लागत नाही. भिंत पाडायची तर गोळे मुळाशीच मारावे लागतात, म्हणून हे झाकणं फार मोलाचं.

वर माथ्यावर चर्या, म्हणजे पाकळ्यांसारखे उभे दगड, आणि त्यांच्यात जंग्या, म्हणजे बंदूक रोखायची भोकं. जंगीकडे नीट पाहिलं तर ती आत रुंद आणि बाहेर अरुंद असते, आणि बऱ्याच ठिकाणी ती खाली झुकलेली असते. आतल्या माणसाला डावीकडे-उजवीकडे आणि तटाच्या पायथ्याशी बंदूक वळवता यावी, पण बाहेरच्याला नेम धरायला जागा राहू नये, म्हणून. या जंग्यांच्या मागून फिरायला फांजी असते. बुरूज तटाच्या बाहेर पुढे आलेले असतात ते दोन बुरुजांमधली भिंत दोन्ही बाजूंनी दिसावी म्हणून. तटाला चिकटलेला माणूस वरच्या सैनिकाला दिसत नाही, पण शेजारच्या बुरुजावरच्या सैनिकाला दिसतो. एक बुरूज दुसऱ्याची राखण करतो, आणि म्हणूनच त्यांच्यातलं अंतर बंदुकीच्या टप्प्यापेक्षा जास्त ठेवता येत नाही.

दरवाजा ही कुठल्याही किल्ल्याची सगळ्यात कमकुवत जागा. म्हणून परंड्याला आत शिरताना सरळ रस्ता नाही. एक दरवाजा, वळण, पुन्हा दरवाजा, पुन्हा वळण. हत्तीला धावत येऊन धडक द्यायला लांबी मिळत नाही, आणि मधल्या चौकात सापडलेल्यावर चारही बाजूंनी मारा करता येतो. देवडीत बसणाऱ्या पहारेकऱ्यांसाठी ओटे अजून आहेत.

आत गेल्यावर मशीद दिसते. तिचे कोरीव दगडी खांब आधीच्या देवळांचे आहेत, हे घडणीवरून लगेच कळतं. नरसिंहाचं मंदिर आहे, हमामखाना आहे, विहीर आहे, दारूचं कोठार आहे, लोखंडी तोफगोळे आहेत. बुरुजांवर तोफा आहेत. पण परंड्याची सगळ्यात मोठी तोफ आता परंड्यात नाही. ती विजापूरला आहे.

मलिक-ए-मैदान १५४९ साली अहमदनगरला बुऱ्हाण निजामशहासाठी मुहम्मद बिन हसन रूमी या ओतकाराने घडवली. रूमी, म्हणजे तुर्कस्तानाकडचा. सीमेवर नेमायची म्हणून ती परंड्याला आली. वजन सुमारे पंचावन्न टन, लांबी चौदा फुटांहून जास्त, तोंड सिंहाचं आणि जबड्यात हत्ती. १६३२ साली आदिलशाहीचा मुरार पंडित ती परंड्याहून विजापूरला घेऊन गेला. वाटेत भीमा ओलांडायची होती. तिच्या जोडीची कडक बिजली नावाची तोफ भीमेत बुडाली, असं परंपरेने सांगतात. मला या तोफेच्या प्रवासात एक गोष्ट विशेष वाटते. इतकी अजस्र तोफ मैदानात नेता येत नाही. ती एका जागी ठेवायची, एका दिशेला रोखायची, आणि तिच्या नावाची धास्ती बसवायची. म्हणजे तीही बुरुजासारखीच स्थिर वस्तू झाली. सोळाव्या शतकातल्या सीमेला ते शोभणारं होतं. अठराव्या शतकाच्या शेवटी मात्र काळ बदलला होता.

तो बदल दिसतो ११ मार्च १७९५ रोजी खर्ड्याला. खर्डा आज अहिल्यानगर जिल्ह्यात, परंड्यापासून फार लांब नाही. एका बाजूला हैदराबादचा निजाम अली, दुसऱ्या बाजूला नाना फडणीसांनी एकत्र आणलेले पेशवे, शिंदे, होळकर, भोसले. निजामाकडे फ्रेंच अधिकारी रेमंड याने शिकवलेल्या पलटणी होत्या, आणि त्या फ्रेंच क्रांतीचा तिरंगी झेंडा घेऊन उभ्या राहत. शिंद्यांकडेही कवायती पलटणी होत्या, त्यांचा सेनापती पेराँ, तोही फ्रेंचच. फ्रान्समध्ये राजाचं मुंडकं उडून दोन वर्षं झाली होती. तिथल्या कवायती, तिथली तोफखान्याची पद्धत आणि तिथला झेंडासुद्धा बालाघाटाच्या पायथ्याशी पोचला होता. निजाम हरला आणि खर्ड्याच्या किल्ल्यात अडकून पडला. तिथे तह झाला. त्यात निजामाने सीमेवरचा मुलूख सोडायचं कबूल केलं : दक्षिणेला परंड्यापासून उत्तरेला तापी नदीपर्यंत, दौलताबादच्या किल्ल्यासह. तहात हद्द सांगायची वेळ आली तेव्हा एका टोकाला नदीचं नाव आलं आणि दुसऱ्या टोकाला किल्ल्याचं. परंडा हे सीमेचं नावच झालं होतं.

तो तह टिकला नाही. त्याच वर्षी सवाई माधवराव वारले, पुण्यात गादीचा गोंधळ सुरू झाला, आणि नानांना निजामाची मदत हवी झाल्यावर पुढच्या वर्षी बरंचसं सोडून द्यावं लागलं. १७९८ साली नेपोलियन इजिप्तमध्ये उतरला. कलकत्त्यात गव्हर्नर जनरल असलेल्या रिचर्ड वेलस्लीला, म्हणजे आर्थरच्या थोरल्या भावाला, हिंदुस्थानातला प्रत्येक फ्रेंच माणूस हेर वाटू लागला. रेमंड त्याच वर्षी मार्चमध्ये वारला होता. ऑक्टोबरात हैदराबादेत त्याच्या पलटणींना घेरून शस्त्रं खाली ठेवायला लावली, आणि त्यांच्या जागी कंपनीची तैनाती फौज बसली. परंड्याला १८०३ मध्ये उतरली ती हीच व्यवस्था. नेपोलियनचं युद्ध युरोपातलं, पण त्याची सावली सीना नदीच्या काठापर्यंत लांबली होती.

त्या वर्षी किल्ल्यांचं काय होत होतं, हे ८ ऑगस्ट १८०३ च्या अहमदनगरवरून कळतं. वेलस्लीच्या माणसांनी शिड्या लावून पेठ घेतली, आणि चार दिवसांत, १२ तारखेला, किल्ला शरण आला. दख्खनातला हा अतिशय मजबूत भुईकोट. पूर्वी महिनोन्महिने लढलेला. नव्या युद्धात तट तोच राहिला, पण तटामागची फौज वेगळी झाली होती आणि बाहेरचा तोफखाना फार चपळ झाला होता. म्हणून परंडा आणि नळदुर्ग या काळात वेढ्यात सापडले नाहीत, हे त्यांचं नशीब. त्यांचा धनी निजाम इंग्रजांच्या बाजूला होता.

आणि इथेच या दोन किल्ल्यांच्या जतनाचं खरं कारण आहे. १८१८ साली पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनी पश्चिम महाराष्ट्रातले किल्ले ठरवून निकामी केले. वाटा सुरुंगाने उडवल्या, दरवाजे पाडले, पाण्याची टाकी बुजवली. पुन्हा कुणी किल्ला धरून बसू नये म्हणून. आज सह्याद्रीत फिरताना तुटलेल्या पायऱ्या आणि उडवलेले बुरूज दिसतात, त्यातले कितीतरी त्या दोन-तीन वर्षांतले आहेत. निजामाच्या हद्दीतल्या किल्ल्यांना मात्र हा फटका बसला नाही. सीमा जिथे होती, त्याच्या पलीकडच्या बाजूला ते उभे होते. ज्या हद्दीसाठी हे किल्ले बांधले, त्याच हद्दीने त्यांना वाचवलं.

नळदुर्गाबद्दल याचा पुरावा आपल्याला एका डोळस माणसाच्या आठवणींत मिळतो. १८५३ साली निजामाने कर्जापोटी वऱ्हाड, रायचूरचा दुआब आणि धाराशिव-नळदुर्गकडचा मुलूख कंपनीकडे दिला. नळदुर्ग जिल्ह्याचा कारभार पाहायला फिलिप मेडोज टेलर आला. मराठी चांगलं जाणणारा, कादंबरीकार, ठगांवरच्या कादंबरीमुळे इंग्लंडात गाजलेला. त्याने लिहून ठेवलं आहे की नळदुर्गाचे सगळे तट आणि बुरूज उत्तम अवस्थेत होते. दक्षिणेकडच्या भिंतीवर जुन्या वेढ्यांत लागलेल्या गोळ्यांचे वण आणि नंतर बुजवलेली भगदाडं मात्र त्याला स्पष्ट दिसली. १८६० मध्ये हा मुलूख निजामाला परत मिळाला.

परंड्याला जे खणून मिळवावं लागलं, ते नळदुर्गाला अर्धं निसर्गाने दिलं. बोरी नदीने काळ्या बेसॉल्टच्या पठारात घळ कोरली आहे. पठाराचा एक सुळका या घळीत पुढे आला आहे. तीन बाजूंना सरळ उभे कडे, काही ठिकाणी खडकाचे सहा कोनी खांब दिसतात. चौथी बाजू, पश्चिमेकडची, तेवढी पठाराला जोडलेली. म्हणून सगळी मेहनत तिथे केली आहे : उंच तट, मोठे बुरूज, खाली पडकोट, आणि त्यापुढे खडकातच कोरलेला रुंद, खोल, कोरडा खंदक. बाकीच्या बाजूंना तट कड्याच्या माथ्यावरून फिरतो. तटाची लांबी अडीच-तीन किलोमीटर, आणि बुरूज ११४ सांगतात. त्यातला नव बुरूज आवर्जून पाहण्यासारखा आहे. त्याला नऊ अर्धगोल पाकळ्या आहेत. गोल भिंतीवर गोळा तिरका लागून सटकतो, आणि प्रत्येक पाकळीतून वेगळ्या दिशेला मारा करता येतो. आतल्या बाजूला उपळ्या बुरूज. तो तटाचा भाग नाही, एकटा उभा आहे, टेलरच्या अंदाजाने नव्वद फुटांहून उंच. वरून भोवतालचं पठार कोसच्या कोस दिसतं. फौजेची धूळ दुपारी दिसली तर संध्याकाळपर्यंत दरवाजे लावून गुरंढोरं आत घ्यायला वेळ मिळायचा.

पण नळदुर्गाची खरी गोष्ट पाण्याची आहे. धाराशिव जिल्हा अवर्षणाच्या पट्ट्यातला. बेसॉल्टला भेगा असतील तिथेच पाणी साठतं. वेढ्याचे महिने म्हणजे नेमके हिवाळा आणि उन्हाळा, विहिरी तळाला जाण्याचे. किल्ल्यात हजारो माणसं, घोडी, बैल. भिंत कितीही जाड असली तरी पाणी संपलं की किल्लेदाराला दरवाजा उघडावा लागतो. या प्रश्नाला नळदुर्गाने दिलेलं उत्तर म्हणजे बोरी नदीवरचं दगडी धरण. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ साली, मीर इमादीन याने ते बांधलं.

धरणाचं काम साध्या तत्त्वावर चालतं. पाणी धरणाला आडवं ढकलतं, आणि खोली वाढेल तसं ते जास्त जोराने ढकलतं. त्या ढकलण्याला दगडांचं वजन उत्तर देतं. म्हणून असं धरण जड असावं लागतं आणि त्याचा पाया पक्क्या खडकात रुतलेला असावा लागतो. बोरीच्या घळीत पाया आणि दोन्ही काठ बेसॉल्टचे. जागा निवडणाऱ्याने अर्धी लढाई तिथेच जिंकली. उंची सुमारे १९ मीटर. धोका असतो तो पुराचा. पुराचं पाणी धरणाच्या डोक्यावरून बेभान वाहिलं तर ते पायथ्याशी कोसळून खडक खणतं आणि मग धरण मुळापासून उखडतं. हे टाळायला दोन ठरावीक वाटा ठेवल्या आहेत. नर सांडवा आणि मादी सांडवा. पाणी पातळीला आलं की या दोन वाटांनी बाहेर पडतं आणि दोन धबधब्यांच्या रूपाने खाली जातं. बाकीची भिंत कोरडी राहते.

आणि या भिंतीच्या पोटात खोल्या आहेत. पाणी महाल. वरून जिना उतरून आत गेलं की कोरीव कमानी, सज्जा आणि खालच्या प्रवाहाच्या बाजूला उघडणाऱ्या खिडक्या. सांडवा वाहत असताना पाणी या खिडक्यांसमोरून पडतं आणि आतला माणूस कोरडा राहतो. एकीकडे धरणामागे साठलेलं पाणी, दुसरीकडे पडणारं पाणी, मध्ये माणूस. ज्याने हे योजलं त्याला दगडातून पाणी झिरपू न देणारा चुना, भिंतीतला दाब आणि प्रवाहाची फेक हे सगळं बारकाईने ठाऊक असलं पाहिजे. खोल्यांमुळे भिंत त्या जागी पोकळ होते. ती पोकळी कुठे ठेवली तर चालेल, हे ठरवणं सोपं नाही. चारशे वर्षांचे पूर त्या निर्णयाने सोसले आहेत.

धरणाचं तिसरं कामही होतं, आणि ते सहसा कुणी सांगत नाही. नदीपलीकडे रणमंडळ नावाचा छोटा किल्ला आहे. शत्रूने समोरचा काठ धरला असता तर तिथून त्याला धरण फोडता आलं असतं आणि मुख्य किल्ल्यावर तोफा डागता आल्या असत्या. म्हणून तो काठही तटाने बंद केला. धरण या दोन किल्ल्यांमधला पूल झालं. पाण्याने किल्ला राखला आणि किल्ल्याने पाणी राखलं.

नळदुर्गावर शेवटची लढाई १३ सप्टेंबर १९४८ रोजी झाली. सोलापूर मुंबई प्रांतात, नळदुर्ग निजामाच्या राज्यात. सीमा अजून तिथेच होती. पोलीस कारवाईत सोलापूरहून निघालेल्या भारतीय फौजेने पहाटे बोरी नदीवरचा पूल उडवला जाण्याआधीच ताब्यात घेतला आणि मग नळदुर्गावरच्या हैदराबादी तुकडीवर हल्ला केला. दुपारच्या आत हा भाग मोकळा झाला आणि भारतीय रणगाडे हैदराबादच्या रस्त्याला लागले. १७ तारखेला हैदराबाद राज्य शरण आलं. निजामशाही-आदिलशाहीच्या वेळची हद्द त्या पुलावर संपली.

त्यानंतर किल्ल्यांपुढचा प्रश्न बदलला. महाराष्ट्राचा प्राचीन स्मारकांविषयीचा कायदा १९६० चा आहे. नळदुर्ग राज्य संरक्षित स्मारक आहे. २००७ च्या राज्य संरक्षित स्मारक संगोपन योजनेखाली तो सोलापूरच्या एका खासगी कंपनीकडे देखभालीसाठी देण्यात आला. तिने बागा, स्वच्छता, दिवे, बोटी अशा सोयी केल्या. त्यामुळे आता सुट्टीच्या दिवशी आणि पावसाळ्यात गर्दी होते. मला ही गर्दी चांगली वाटते. ओस पडलेल्या किल्ल्यात गवत वाढतं आणि तटाचे दगड घरांच्या पायात जातात. फक्त बागेपलीकडचं काम आपण विसरू नये.

ते काम काय असतं, तेही पाहू. दगडी तटाचे मुख्य शत्रू दोन : झाडं आणि पाणी. पक्ष्यांनी टाकलेली पिंपळाची आणि वडाची बी सांध्यांत रुजते, मुळं जाड होत जातात आणि दगड सुटतात. वरवर छाटलं तर पिंपळ पुन्हा फुटतो. मूळ शोधून, मारून, मगच दगड उचलून परत बसवावे लागतात. पाण्याचं तसंच. माथ्यावरचे उतार आणि नाळी बुजल्या की पाणी भिंतीच्या पोटात उतरतं. तिथे सांध्यातला चुना वाहून जातो, मधला भराव फुगतो आणि एक दिवस बाहेरची दगडी कातडी ढासळते. म्हणून दरजा भरणं हे जतनाचं सगळ्यात नीरस आणि सगळ्यात गरजेचं काम. ते चुन्यानेच करावं लागतं. सिमेंट दगडापेक्षा कडक असतं, ते ओल आत कोंडून ठेवतं, आणि मग सांध्याऐवजी दगडच फुटतो. चुना मऊ, श्वास घेणारा. भिजवलेला चुना, वाळू, विटेची सुरखी चुन्याच्या घाणीत दळून, त्यात गूळ आणि हिरड्याचं पाणी घालून तो तयार करायची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. तो हळूहळू घट्ट होतो, आणि त्याला तेवढे कोरडे दिवस द्यावे लागतात.

नळदुर्गाच्या पाण्याला आणखी एक बदल सोसावा लागला आहे. नदीच्या वरच्या अंगाला आता बोरी धरण आहे. ते भरून वाहू लागलं की नर-मादीचे धबधबे सुरू होतात. म्हणजे चारशे वर्षांच्या सांडव्याचं वाहणं आता वरच्या जलाशयाच्या पातळीवर ठरतं. कमी पावसाच्या वर्षी पाणी महाल कोरडा राहतो. पण कोरड्या दिवसांतही सांडव्याची वाट, खिडक्यांची मांडणी, दगडांची घडण नीट पाहता येते, आणि ती पाहायला वाहत्या पाण्यापेक्षा हेच दिवस सोयीचे.

२०२५ च्या जुलैमध्ये जागतिक वारशाच्या यादीत मराठ्यांचे बारा किल्ले गेले. त्यात मराठवाड्यातला एकही नाही. ती यादी मराठ्यांच्या लष्करी रचनेची होती, त्यामुळे तक्रारीला जागा नाही. पण दख्खनच्या सुलतानांनी सपाट मुलखात जी सीमा बांधली, तिचीही एक रचना आहे. ती समजायची असेल तर नळदुर्ग, परंडा, औसा, उदगीर, सोलापूर, कल्याणी हे एकत्र पाहावे लागतात, आणि ते आज दोन राज्यांत, चार जिल्ह्यांत विखुरले आहेत. परंड्याला नळदुर्गाइतके लोक जात नाहीत. बार्शीहून तो तासाभराच्या वाटेवर आहे. तिथे पोचल्यावर आधी आत शिरू नये. खंदकाच्या बाहेरून एक पूर्ण फेरी मारावी, आणि दर बुरुजापाशी थांबून शेजारचे दोन बुरूज दिसतात का ते पाहावं.